यूपीएस ओरडत राहिला, ऐकायला कोणी नव्हतं

मंडळी, पोस्ट मोठी आहे. घाईत असाल तर रात्री जेवण झाल्यावर वाचा. पण ज्यांच्या दुकानात, पतसंस्थेत, दवाखान्यात नाहीतर ग्रामपंचायतीत टेबलाखाली एक काळा डबा हिरवा दिवा लावून बसलाय, त्यांनी जरूर वाचा.

"सर्व्हर डाऊन आहे, उद्या या." हे वाक्य ऐकलं नाही असा एक माणूस आपल्या तालुक्यात दाखवा. रेशनच्या दुकानात अंगठा लागत नाही, सेतूत दाखला निघत नाही, सातबारा उघडत नाही. मी या विषयावर इतक्या बातम्या केल्यात की शीर्षकं पाठ झालीत. 'सर्व्हर डाऊन, नागरिक हैराण'. पुढच्या वेळी 'हैराण' काढून 'त्रस्त'. आता यातले बरेच सर्व्हर पुण्या-मुंबईला कुठेतरी असतात, ती गोष्ट वेगळी. पण काही आपल्याच गावात, आपल्याच कार्यालयात, टेबलाखाली असतात. ते का बंद पडतात हे मी एकदाही विचारलं नव्हतं. साहेब म्हणायचे "तांत्रिक अडचण", मी लिहून घ्यायचो, चहा प्यायचो आणि निघायचो.

गेल्या जूनमध्ये माझा स्वतःचाच सर्व्हर डाऊन झाला.

सर्व्हर म्हटलं की काचेची खोली, एसी, निळे दिवे असं काहीतरी डोळ्यासमोर येतं. आमचा म्हणजे एक सेकंडहॅण्ड डेस्कटॉप, दोन हार्डडिस्क, वर लिनक्स. बस्स. पण त्यात आमच्या साप्ताहिकाचा 2008 पासूनचा प्रत्येक अंक होता. पेजमेकरची पानं, श्रीलिपीतला मजकूर (युनिकोडच्या आधीचा, आजच्या मोबाईलवर उघडला तर नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते), आणि फोटो. फोटो हीच खरी पुंजी. 2019 च्या महापुरात आणि परत 2021 ला आम्ही नावेतून, ट्रॅक्टरमधून, लोकांच्या गच्चीवरून काढलेले फोटो. पंचनाम्याच्या वेळी कितीतरी लोक ऑफिसात येऊन बसायचे. "दादा, आमच्या गल्लीचा एखादा फोटो असंल बघा, पाणी कुठवर चढलं होतं ते दिसंल असा." आम्ही काढून द्यायचो. गाव, गल्ली, तारीख अशी फोल्डरं लावलेली होती, दोन मिनिटांत सापडायचं. त्यासाठी कधी पैसे घेतले नाहीत, हे मुद्दाम सांगतो, कारण मागे एकाने कॉमेंटमध्ये तसं विचारलं होतं.

मृगाचा पहिला दणका आला त्या रात्री पावणेबाराला लाईट गेली. डीपीवर काहीतरी उडालं. आम्ही सगळे घरी झोपलेले. ऑफिसला कुलूप. यूपीएस चालू झाला आणि ओरडायला लागला. खालच्या पानपट्टीवाल्या भाऊंनी दुसऱ्या दिवशी सांगितलं, "रात्री तुमच्याकडं टुंग टुंग वाजत होतं. अर्धा तास वाजलं, मग लांब शिट्टी मारली, मग गप झालं."

तो अर्धा तास नीट बघा, म्हणजे घोळ कळेल. सर्व्हरला लाईट गेलीय हे माहीतच नव्हतं. त्याच्या दृष्टीने सगळं ठीक चाललेलं. म्हणून रात्री बाराचा ठोका पडल्यावर त्याने रोजच्यासारखा बॅकअप सुरू केला. पहिल्या डिस्कवरून वाचायचं, दुसऱ्या डिस्कवर लिहायचं. ऐन भरात असताना सव्वाबारा-साडेबाराच्या दरम्यान बॅटरी संपली आणि सगळं एका क्षणात बंद. ज्या वेळी दोन्ही डिस्क सर्वात जास्त कामात होत्या, नेमक्या त्याच वेळी. यूपीएस नसता तर पावणेबाराला, बॅकअप सुरू व्हायच्या आधीच मशीन बंद पडलं असतं आणि नुकसान बहुधा कमी झालं असतं! हे मला अजून पचत नाही.

सकाळी मशीन चालू केलं तर स्क्रीनवर नुसत्या ओळी. डिस्क तपासणी, दुरुस्ती, परत तपासणी. दोन दिवसांनी कळलं ते असं: बरंचसं वाचलं. पण दोनेक हजार फाईली 'लॉस्ट अँड फाऊंड' नावाच्या फोल्डरात जाऊन पडल्या. तिथे फाईलला नाव राहत नाही, नुसता नंबर राहतो. फोटो उघडतो, कॅमेऱ्याने टाकलेली तारीखही आत असते, पण कोणत्या गावचा, कोणत्या गल्लीचा, कोणाच्या दारातला, ते सगळं गेलं. ते तर फोल्डरच्या नावात होतं ना. नेमकी बॅकअपला लागलेली ती फोल्डरं 2019 ची होती, कारण मीच त्या आठवड्यात ती नव्याने लावायला घेतली होती.

त्यानंतर चार दिवसांनी नदीकाठच्या वस्तीतल्या एक काकू आल्या. घराच्या जागेचा काहीतरी वाद चाललाय, पुराआधी तिथे पक्कं घर होतं हे दाखवायला फोटो पाहिजे. त्यांना आठवत होतं की मी त्यांच्या दारात उभं राहून फोटो काढला होता. मलाही आठवत होतं. मी म्हणालो, "काकू, सर्व्हर बंद पडलाय. थोडे दिवस थांबा." आणि तोंडातून हे वाक्य बाहेर पडल्यावर मला माझीच सगळी शीर्षकं आठवली.

आमच्या छायाचित्रकाराचा पुतण्या पुण्यात याच क्षेत्रात नोकरीला आहे. आषाढीला गावी आला होता. त्याला बोलावलं. त्याने डिस्ककडे बघितलंच नाही आधी. यूपीएसच्या मागे वाकून बघितलं आणि विचारलं,

"काका, याची केबल कुठाय?"

"ही काय, लावलीय की."

"ही पॉवरची. दुसरी. खोक्यात आली असेल बघा."

खोकं माळ्यावर होतं. त्यात थर्मोकोल, वॉरंटी कार्ड, आणि एक काळी केबल. प्लास्टिकच्या पिशवीत, वरची तार पण सोडलेली नाही. एका टोकाला साधी यूएसबी, दुसऱ्या टोकाला लॅनच्या पिनेसारखं दिसणारं पण लॅन नसलेलं तोंड. तीन वर्षं ती केबल आमच्या डोक्यावर माळ्यावर पडून होती. यूपीएसला सांगता येत होतं की लाईट गेलीय, माझ्यात इतकाच जीव उरलाय, आवरून घे. आम्ही त्याला सांगायची सोयच करून दिली नव्हती. तो बिचारा टुंग टुंग करून पानपट्टीवाल्याला सांगत होता.

मुद्दा इतका साधा आहे. यूपीएस फक्त थोडा वेळ विकत घेऊन देतो. त्या वेळात मशीन नीट बंद करायचं काम कोणीतरी करावं लागतं. माणूस समोर असेल तर माणूस करतो. रात्री, रविवारी, जत्रेच्या सुट्टीत कोण करणार? ते काम संगणकानेच करायचं, त्यासाठी ती केबल.

आता 'थोडा वेळ' म्हणजे किती, याबद्दल आपल्याकडे फार भोळे समज आहेत. आमच्या यूपीएसमध्ये 12 व्होल्ट 7 एएचच्या दोन बॅटऱ्या. एकीत कागदावर 84 वॉट-तास, दोघींत 168. सर्व्हर आणि राऊटर मिळून 100 वॉट धरले तर हिशेबाने एक तास चाळीस मिनिटं निघतात. प्रत्यक्षात नवी बॅटरी असताना त्याच्या निम्म्याच्या आसपास मिळतं. कारण ते 7 एएच हे 20 तासांत सावकाश रिकामी केली तरचं माप आहे, घाईने उपसली की कमी देते. शिवाय डीसीचं एसी करताना काही जातं ते वेगळं. त्यात आमचं ऑफिस पत्र्याचं. मे महिन्यात आत काय तापतं ते मलाच माहीत. ही बॅटरी 25 अंशांच्या आसपास खूश असते, त्यावर दर आठ-दहा अंशांना तिचं आयुष्य साधारण निम्मं होतं. तीन उन्हाळे काढलेल्या बॅटरीकडून अर्धा तास मिळाला हेच नशीब.

पोराने यूपीएसवर काय काय लावलंय ते बघितलं आणि कपाळाला हात लावला. सर्व्हर, मॉनिटर, दोन मोबाईल चार्जर, टेबल फॅन (हो, फॅन. लाईट गेल्यावर गरम होतं) आणि लेझर प्रिंटर. लेझर प्रिंटर तापताना एकदम इतकी वीज ओढतो की लहान यूपीएस मान टाकतो. ते सगळं काढलं. राऊटर मात्र ठेवला.

मग त्याने लिनक्सवर 'नट' नावाचं सॉफ्टवेअर टाकलं. पूर्ण नाव नेटवर्क यूपीएस टूल्स. फुकट आहे, बऱ्याच कंपन्यांचे यूपीएस ओळखतं. एपीसीचा यूपीएस असेल तर एपीसीयूपीएसडी म्हणून आणखी एक फुकट सॉफ्टवेअर आहे, तेही चालतं. नटमध्ये यूपीएसची तब्येत विचारायचा जो आदेश आहे त्याचं नाव आहे 'यूपीएससी'. त्याने मला टाईप करायला सांगितलं तेव्हा मी म्हणालो, बाबा, आपल्या गावातली अर्धी पोरं गेली पाच वर्षं हेच टाईप करतायत, अजून उत्तर आलेलं नाही. आमच्याकडे मात्र लगेच आलं. बॅटरी किती टक्के, भार किती, व्होल्टेज किती, सगळं ओळीने. आणि स्थितीची अक्षरं: ओएल म्हणजे लाईनवर, ओबी म्हणजे बॅटरीवर, एलबी म्हणजे बॅटरी संपत आली. ओबी आणि एलबी दोन्ही एकदम आलं की नट सर्व्हरला सांगतो, आवरा. सर्व्हर चालू कामं थांबवतो, डेटाबेस बंद करतो, हातातलं सगळं डिस्कवर लिहून टाकतो आणि मग झोपतो. आमच्या मशीनला यासाठी सव्वा मिनिट लागतं. घड्याळ लावून मोजलं.

मला वाटलं झालं. तो म्हणाला, "आता खटका बंद करा." प्लग उपटू नका म्हणाला, भिंतीवरचा खटकाच बंद करा, म्हणजे अर्थिंग तुटत नाही. (आमच्या अर्थिंगची काय अवस्था होती तो वेगळ्या पोस्टचा विषय. खड्ड्यात मीठ-कोळसा शेवटचा कधी घातला होता ते घरमालकालाही आठवेना.)

खटका बंद केला. ओबी. 100 टक्के. 91. 80. 68. आणि 68 वर असताना चौथ्या मिनिटाला खाटकन् सगळं बंद. एलबी आलंच नाही! म्हातारी झालेली बॅटरी यूपीएसलासुद्धा फसवते. बसल्या जागी व्होल्टेज बरं दाखवते आणि पळायला लावलं की बसते. बरं झालं त्याने आधीच सर्व्हरची वायर काढून जागेवर 100 चा बल्ब लावला होता. चाचणी पहिल्यांदा बल्बवर करायची, हे मी त्या दिवशी शिकलो.

बॅटऱ्या बदलल्या. एकेक हजाराच्या आसपास पडली. जुन्या दोन्ही फुगलेल्या होत्या, डब्यातून निघता निघेनात. नव्यांवर आता मार्करने तारीख टाकलीय. आणि एलबीची वाट बघायची पद्धतच आम्ही सोडून दिली. बॅटरीवर पाच मिनिटं झाली की आवरायला घ्यायचं, टक्के कितीही दाखवू देत. पाचच का? आपल्याकडची लाईट कशी जाते ते तुम्हाला माहितीय. एक तर झटका मारून लगेच येते, नाहीतर वायरमन येऊन डीपीवर चढेपर्यंत येत नाही. पाच मिनिटांच्या वर गेली म्हणजे दुसऱ्या प्रकारची, असा माझा अनुभव. ज्यांनी 2006-07 चं भारनियमन काढलंय ते म्हणतील आता काय लाईट जाते, तेव्हा बघायला पाहिजे होतं. खरंय. पण तेव्हा जायची वेळ तरी ठरलेली असायची, आम्ही पानं त्या वेळेआधी लावून ठेवायचो.

पहिली खरी परीक्षा महिन्याभरात झाली. रात्री लाईट गेली, पाच मिनिटांनी सर्व्हर शहाण्यासारखा बंद झाला. नोंद सापडली. पण सकाळी गेलो तर लाईट आलेली आणि सर्व्हर बंदच! पोराला फोन लावला. तो हसायला लागला. "काका, माझीच चूक. मी निम्मंच केलं."

झालं होतं असं. मशीनच्या बायोसमध्ये एक पर्याय असतो, वीज जाऊन परत आली तर आपोआप चालू हो. तो आम्ही लावला होता. पण सर्व्हर बंद झाला तरी यूपीएस चालूच होता. सर्व्हर झोपल्यामुळे भारच नव्हता, त्यामुळे बॅटरी संपली नाही, आणि थोड्या वेळाने लाईट आली. म्हणजे सर्व्हरच्या वायरमधली वीज गेलीच नाही. मग ती 'परत' कशी येणार? तो तिथेच झोपून राहिला. उपाय असा की सर्व्हरने जाता जाता शेवटी यूपीएसला सांगायचं, मी चाललो, वीस सेकंदांनी तूही तुझा पुरवठा तोड. मग लाईट आली की यूपीएस पुरवठा सुरू करतो, सर्व्हरला वीज आल्याचं कळतं आणि तो उठतो. अगदी सर्व्हर बंद होत असतानाच लाईट परत आली तरीसुद्धा ही तोडायची क्रिया पुरी होऊ द्यायची, नाहीतर परत तेच त्रांगडं. ही शेवटची पायरी सगळ्या यूपीएसना जमत नाही, आमच्याला जमली.

ज्यांच्याकडे विंडोज आहे त्यांना इतकं करायची गरज नाही. केबल लावली की बहुतेक यूपीएस लॅपटॉपच्या बॅटरीसारखे खाली कोपऱ्यात दिसायला लागतात. पॉवर ऑप्शनमध्ये जाऊन बॅटरी संपत आल्यावर काय करायचं तिथे 'शट डाऊन' निवडायचं. आणि एक, काही स्वस्त यूपीएसना मागे हे तोंडच नसतं. घेताना फिरवून बघा. घरचा इन्व्हर्टर लावून "आमच्याकडे चार तास चालतं" म्हणणारे व्यापारी मित्र आहेत. चार तास चालतं, पाचव्या तासाला काय?

आता ज्यासाठी ही पोस्ट लिहायला घेतली ते. मी मग गावात हिंडलो. पत्रकार म्हणून नाही, केबल शोधत. एका पतसंस्थेत, दोन दवाखान्यांत, एका सरकारी कार्यालयात, एका शाळेत. शाळेतली केबल लावलेली होती, तिथल्या एका सरांनी स्वतः लावलीय. बाकी चारही ठिकाणी केबल पिशवीत. एका ठिकाणी तर पिशवी कपाटात कुलूपबंद आणि डेडस्टॉक रजिस्टरला नोंद, 'केबल, 1 नग'.

एका कार्यालयात मागे घरपट्टीच्या दोन दिवसांच्या पावत्या संगणकातून उडाल्या होत्या. एका निवृत्त आजोबांनी पट्टी भरलेली असून दंडासह नोटीस आली. त्यांच्याकडे कागदी पावती होती म्हणून वाचले. ज्यांनी पावती जपली नाही त्यांचं काय झालं कोणास ठाऊक. ती बातमी मीच केली होती. 'तांत्रिक अडचणीमुळे' असं लिहून. आता माहितीच्या अधिकारात, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, तिथल्या यूपीएस खरेदीचा आदेश मागवला. तीस दिवसांच्या आत मिळाला, हे नमूद करतो. त्यात केव्हीए आहे, बॅटऱ्यांची संख्या आहे, 'जोडणीसह' असा शब्द आहे. लाईट गेल्यावर सर्व्हर आपोआप नीट बंद होतो का, हे तपासून दाखवावं अशी ओळ कुठेही नाही. तिथल्या बाबूंना दोष देत नाही. ते म्हणाले, "साहेब, वेंडर आला, बटण दाबून दाखवलं, सही घेतली, गेला. ती वायर कशाची हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही." मलाही कोणी सांगितलं नव्हतं.

त्या कार्यालयात पोराने त्याची सुट्टी संपायच्या आत जाऊन केबल लावून दिली, साहेबांच्या लेखी परवानगीने. पतसंस्थेने पुढच्या बैठकीत विषय घेतो म्हटलंय. बैठक झाली का ते मी दर सोमवारी विचारतो.

आमची तिसरी प्रत आता दर रविवारी एका वेगळ्या डिस्कवर घेऊन माझ्या घरी कपाटात जाते, कारण दोन प्रती एकाच डब्यात ठेवणं म्हणजे दोन किल्ल्या एकाच खिशात. आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला दुपारी आम्ही खटका बंद करून बघतो.

राहिले ते दोन हजार फोटो. त्यातले साडेचारशेच्या आसपास आम्ही ओळखले. देवळाचा कळस, दुकानाची पाटी, विजेचा खांब, कोणाची तरी गाय बघून. काकूंचा अजून सापडलेला नाही. दार हिरवं होतं आणि ओट्यावर तुळस होती असं त्या म्हणतात, हिरव्या दाराचे अकरा फोटो निघाले, त्यातलं एकही त्यांचं नाही. उद्यापासून रोज रात्री नऊ वाजता या पेजवर दहा-दहा फोटो टाकतोय. तारीख मी लिहीन. गाव, गल्ली, घर कोणाचं ते तुम्ही ओळखा आणि खाली लिहा. नदीकाठच्या वस्तीतल्या, पुराआधी तिथे राहिलेल्या सगळ्यांना ही पोस्ट पाठवा. जे आता पुण्याला, इचलकरंजीला राहायला गेलेत त्यांना तर नक्की पाठवा.